शार्लट विमान अपघात: फक्त जादा वजन हे कारण नव्हे

अमेरिकेतील शार्लट येथे 8 जानेवारी 2003 रोजी एअर मिडवेस्ट या कंपनीचे बीचक्राफ्ट 1900डी हे छोटे प्रवासी विमान उड्डाण घेताच कोसळून 21 जण मृत्युमुखी पडले, त्याला केवळ जादा वजन कारणीभूत होते, असे सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. वजन मागच्या बाजूस अधिक होते, हे खरेच; परंतु तपास यंत्रणेने मुख्य दोष दाखवला तो शेपटीवरील एलिव्हेटरच्या, म्हणजे विमानाचे नाक वर-खाली करणाऱ्या हलत्या पट्टीच्या, चुकीच्या जोडणीचा. दोनच दिवस आधी रात्रीच्या देखभालीत एलिव्हेटर हलवणाऱ्या केबलचा ताण जुळवताना टर्नबकल (केबल कमी-जास्त ताणणारे स्क्रू) चुकीचे जुळवले गेले आणि एलिव्हेटरची खाली वळण्याची मर्यादा निम्म्यावर आली, त्यामुळे वर उचलले जाणारे नाक वैमानिकांना खाली आणता आले नाही.

मेकॅनिकने नियमपुस्तिकेतील काही पायऱ्या वगळल्या होत्या, पण त्याला केवळ निष्काळजी ठरवणे अन्यायाचे वाटते. पुस्तिकेत फक्त ताण जुळवण्याची स्वतंत्र कृती नव्हती. संपूर्ण जोडणीची एकच लांबलचक प्रक्रिया होती, आणि त्यातील प्रत्येक पायरी या कामाला लागू नाही, असा समज खुद्द निरीक्षकाचाही होता. शिवाय काम संपल्यावर एलिव्हेटर पूर्ण फिरतो का, हे तपासण्याची सक्ती त्या पुस्तिकेत नव्हती.