आधी वाटेतून बाजूला व्हा

सकाळपासून गप्प बसले होते. आत्ता जेवताना भाच्याने ती रील दाखवली आणि आता लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

वाईकडचा एक गड. खाली धोम धरणाचं पाणी चमकतंय. आडव्या वाटेवर आठ-नऊ पोरं-पोरी एकामागे एक हात पसरून उभी, वर गाणं लावलेलं. गडाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव टाकलं की पुढच्या रविवारी तिथे आणखी झुंबड उडेल. रील संपता संपता उजव्या कोपऱ्यात गवताचा एक मोठा भारा दिसतो. भाऱ्याखालचं माणूस दिसत नाही.

आज सकाळी मी त्या भाऱ्याच्या मागे उभी होते, भाचा माझ्यासोबत.

सत्तरीच्या आजी होत्या. वरच्या सपाटीवरून गवत कापून खाली निघालेल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर त्यांच्या दीडपट रुंद भारा, कमरेला विळा. वाट पन्नासेक पावलांची, एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला सरळ उतार, रुंदी एक पाऊल मावेल एवढी. डिसेंबरात गवत वाळलं की त्याखालचा मुरूम सुटतो. पावसाळ्यातल्या शेवाळापेक्षा मला हा घसारा जास्त वाईट वाटतो, कारण तो दिसत नाही. अशा ठिकाणी आजींना भारा टेकवता येईना, मागे वळता येईना. आणि समोर रीलचा तिसरा टेक चाललेला, कारण दुसऱ्यात कुणाचे तरी केस तोंडावर आले होते.

सात मिनिटं. मी घड्याळात बघितलंय.

तुम्हा सगळ्यांना माझं गुलमर्गच्या स्कीइंगचं वेड माहीत आहे. चार हिवाळे झाले, पैसे साठवते आणि जाते. तिथली एक गोष्ट मी आजवर घरीसुद्धा नीट सांगितली नव्हती. आज त्या वाटेवर उभी असताना तीच आठवत होती.

गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या अंगावर जवळजवळ चार हजार मीटरवर नेऊन सोडतो. कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. तिथून सरळ खाली सुटलात तर आधीच्यांनी कापून काढलेला बर्फ मिळतो. रात्री पडलेला कोरा, पिठासारखा बर्फ हवा असेल तर धारेखालून उतार आडवा कापत लांबवर जावं लागतं. त्याला ट्रॅव्हर्स म्हणतात, आपले ट्रेकवालेही हाच शब्द वापरतात. ही वाट जेमतेम स्कीच्या दोन पट्ट्यांएवढी असते. उंची घालवायची नसते, म्हणून होता होईल तो वेग टिकवत सरकायचं. पुढचा मधेच थांबला की मागच्या सगळ्यांचा वेग मेला. स्कीवाला निदान काठ्या रेटून पुढे जाईल. स्नोबोर्डवाल्याचे दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, तो थांबला की तिथेच रुतला.

तिसऱ्या हिवाळ्यात मी त्या वाटेवर थांबले. आभाळ एकदम मोकळं झालं आणि लांब नंगा पर्वत दिसला. मला काही सुचेना. मी उभी राहिले, हातमोजा काढला, फोन काढला. माझ्यामागे किती जण आहेत हे वळूनसुद्धा बघितलं नाही. अकरा जण होते. लगेच मागे असलेला बोर्डवाला मुलगा मला टाळायला गेला, वाटेखाली सरकला आणि कमरेपर्यंत बर्फात गेला. बोर्ड सोडवून, हातांनी बर्फ उपसत वर यायला त्याला कितीतरी वेळ लागला. तो एक शब्द बोलला नाही. आमचा टनमर्गचा गाइड मागून आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, देखना है तो हटके देखो."

बस, एवढंच. त्या माणसाला ओरडायचा पूर्ण हक्क होता.

तिथे ह्या गोष्टींची कुणी पाटी लावत नाही, पण सगळे पाळतात. दम लागला तर वाटेच्या बाहेर पाऊल टाकून उभं राहायचं. पुढच्याच्या स्कीच्या शेपटीवर आपली स्की चढवायची नाही. पुढे जायचं असेल तर आवाज द्यायचा आणि जागा येईपर्यंत दम धरायचा. स्की काढून बुटांनी चालत ती वाट खड्ड्याखड्ड्यांची करायची नाही, मागच्याची पट्टी त्यात अडकते. आणि खाली माणसं असताना त्यांच्या डोक्यावरच्या उतारात शिरायचं नाही. बर्फ सुटला तर तो त्यांच्यावर जातो.

आता कुणीतरी नियमावर बोट ठेवेल म्हणून आधीच लिहिते. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९६७ मध्ये वागण्याचे नियम केले, त्यात पुढच्याचा हक्क पहिला, मागून येणाऱ्यानेच जपून यायचं. मान्य. पण त्याच नियमांत हेही आहे की गरज नसताना अरुंद जागी थांबू नका आणि पडलात तर लवकरात लवकर जागा मोकळी करा. पुढे असण्याचा हक्क मिळतो तो चालणाऱ्याला. मुक्काम ठोकणाऱ्याला नव्हे.

सकाळी मी हे इतकं नीट बोलले नाही. "अरे, आजींच्या डोक्यावर ओझं आहे, पुढे सरका," एवढंच ओरडले. त्यावर एकाने मान न वळवता "दोन मिनिटं मॅडम" म्हटलं आणि दुसरा म्हणाला, "गड काय कुणाच्या बापाचा आहे का?"

हे वाक्य डोक्यातून जातच नाहीये. नाही रे बाळा, कुणाच्या बापाचा नाही. म्हणूनच तर तुझाही नाही! त्या आजींच्या पायांनी ती वाट झालीय. तुझ्याआधी चाळीस-पन्नास वर्षं त्या बाईने आणि तिच्या सासूने गवताचे भारे वाहिले, म्हणून तिथे तुला पाऊल ठेवायला वाट आहे. नाहीतर त्या कातळाखाली तुला उभंही राहता आलं नसतं, हात पसरायचं तर लांबच. तू जीन्स फाटेल म्हणून कातळाला टेकला नाहीस आणि ती बाई दरीच्या अंगाला उभी!

आपल्याला हे कुणी शिकवलं होतं का? मला आठवत नाही. ओझंवाल्याला वाट द्यायची, जनावर आलं की आपण डोंगराच्या अंगाला सरकायचं, वरून दगड सुटला की जिवाच्या आकांताने "दगड" म्हणून ओरडायचं. हे अंगात होतं. कुठे गेलं?

हो, ती पोरं आठवडाभर राबून रविवारी आली असतील. दारू पीत नव्हती, कचराही केला नाही, तेवढं खरं आहे. आणि कुणाला खोल दरी बघून दृष्टीभय वाटलं, पाय उचलेना, तर त्याच्यावर ओरडणारी मी नाही. अशाला हात द्यायचा, तासभर लागला तरी थांबायचं. ह्यांना भीती वाटत नव्हती, ह्यांना मागचं माणूस दिसत नव्हतं.

आणि हे वाई तालुक्यात घडावं ह्याचं जास्त वाईट वाटतं. २५ जानेवारी २००५. मांढरदेव. इथल्या कुणाला ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. काळूबाईच्या यात्रेत त्या चढावर चेंगराचेंगरीत अडीचशेहून जास्त माणसं गेली. तुलना मोठी आहे, कळतंय मला, आठ पोरांच्या रीलला मांढरदेवच्या शेजारी बसवू नये. पण अरुंद जागेत पुढे काय चाललंय ते मागच्याला कळत नाही आणि मागे काय चाललंय ते पुढच्याला, हे आपल्या भागाने जेवढं सोसलंय तेवढं फार थोड्यांनी सोसलं असेल.

असो. इतकं लिहून राग जरा उतरला. आता पुन्हा नंगा पर्वत डोळ्यांपुढे येतोय. किती सुंदर दिसत होता तो. त्या पोरांनाही खालचं धोम तसंच दिसलं असणार, आणि छाती भरून आल्यावर माणूस थांबतोच. मीही थांबलेच होते. त्या बोर्डवाल्या मुलाची मी माफी मागितली, पण खाली आल्यावर, गोंडोलाच्या रांगेत, घाईघाईत. त्याच्या हातमोज्यांतून पाणी गळत होतं. तो फक्त हसला.

काश्मीरच्या त्या गाइडसारखं हळू आवाजात सांगायला हवं होतं का मी आज? कदाचित. पण त्याच्यासमोर एकटी मी होते, आणि मला लाज वाटली. इथे आठ जण होते आणि त्यांनी एकमेकांकडे बघून हसून घेतलं.

शेवटी वाट मोकळी केली ती माझ्या ओरडण्याने नाही. त्यांचा टेक झाला म्हणून. आजी आडवी वाट पार करून खाली आल्या, माचीवरच्या गडग्यावर त्यांनी भारा टेकवला आणि दोन्ही हातांनी मान धरून बसल्या. मी पाण्याची बाटली दिली. आधी चूळ भरली, मग प्यायल्या.

"कुठल्या तुम्ही, बाई?"

"साताऱ्याची."

"आन् ती पोरं? पुन्याची व्हय?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. पण त्यांच्यातल्या दोघांच्या गाड्या खाली माझ्या गाडीशेजारीच लावलेल्या होत्या, नंबर एमएच ११.

"नाही आजी. तीही आपल्याकडचीच."

आजी काही बोलल्या नाहीत. चुंबळ झटकून पुन्हा डोक्यावर ठेवली आणि भाच्याला म्हणाल्या, "लेकरा, जरा हात लाव भाऱ्याला."