मॅडम, जेवण लागलंय

काल संध्याकाळी एका सेवाभावी क्लबच्या मासिक सभेला गेले होते. आपल्या लातूरचाच क्लब. नाव घेत नाही, कारण त्यातले निम्मे माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत आणि उरलेल्यांपर्यंत स्क्रीनशॉट पोचेलच. पत्रिकेवर ठळक अक्षरात छापलं होतं, 'आपल्या परिसराच्या कलेचा इतिहास'. बोलणाऱ्या बाई कॉलेजातून निवृत्त झालेल्या इतिहासाच्या प्राध्यापिका. मी फक्त त्यांच्यासाठी गेले होते.

आता ऐका. पत्रिकेतली वेळ साडेसहा, सुरुवात सव्वासातला. दीपप्रज्वलन. मागच्या महिन्याचा अहवाल. मग वाढदिवसवाले उठा, लग्नाच्या वाढदिवसवाले जोडीनं या. नवीन सभासदांच्या कोटाला पिन. मग कुणाच्या तरी मुलाला मेडिकलला नंबर लागला म्हणून त्याचा सत्कार, त्याच्या आईवडिलांचा सत्कार आणि हो, त्याच्या क्लासवाल्या सरांचाही सत्कार. बाई पहिल्या रांगेत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या. त्यांचा परिचय करून देणाऱ्यानं परिचयात स्वतःबद्दलच जास्त सांगितलं. बाई बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा साडेआठ वाजून गेले होते आणि मागून जिरा राईसचा वास यायला लागला होता.

बाईंनी सुरुवात तेरपासून केली आणि मी सरसावून बसले. तेर माझं आजोळ. ज्यांना माहीत नाही (आणि आपल्या जिल्ह्यात असे पुष्कळ आहेत, काल कळलं) त्यांच्यासाठी सांगते, तेरणेच्या काठावरचं, धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव. गोरोबाकाकांचं म्हणून सगळे ओळखतात. पण गोरोबाकाकांच्याही हजारभर वर्षं आधी, सातवाहनांच्या काळात, हे तगर नावाचं व्यापारी शहर होतं. पेरिप्लस नावाच्या जुन्या ग्रीक टिपणात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे असं लिहिलंय. तिथलं जाडंभरडं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायची, तिथून जहाजानं पुढं.

आमच्या लहानपणी गावाच्या कडेच्या पांढरीच्या (म्हणजे जुन्या वस्तीच्या) टेकाडांवर पहिला मोठा पाऊस झाला की बायका-पोरं मणी वेचायला जायची. माती धुपून निघायची आणि खाली लाल, निळे, काळे मणी चमकायचे. एकदा मामाला असंच एक मातीचं मुंडकं सापडलं. सुपारीपेक्षा थोडं मोठं, बाईचं, केसांत दागिने घातलेले, ओठावर किंचित हसू. ते मला दिलं खेळायला. मी त्याला काडीचं धड आणि चिंधीचं लुगडं करून भातुकलीत सासूबाई केलं होतं. आजी म्हणायची, "पांढरीतलं हाय ते, जपून ठिव गं बाई."

ते मुंडकं काल पडद्यावर दिसलं. म्हणजे तेच नाही, त्याच्या बहिणी. बाई सांगत होत्या की या बाहुल्या केओलिन नावाच्या पांढऱ्या चिकणमातीच्या, दोन साच्यांत अर्धं अर्धं दाबून मग जोडलेल्या, आतून पोकळ. म्हणजे त्या काळी तेरमध्ये साचे करणारे होते, माती मळणारे होते, आणि गिऱ्हाइकाला कोणती केशरचना आवडते ते ओळखणारे होते. मला तर बसल्या जागी माझ्या सासूबाई आठवल्या (भातुकलीतल्या, खऱ्या नव्हे).

मग बाई आल्या हस्तिदंती बाईवर. १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात एक वीतभर उंचीची हस्तिदंती मूर्ती सापडली. दागिन्यांनी मढलेली भारतीय स्त्री, दोन्ही बाजूंना दासी. पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ही मूर्ती त्याआधीच तिथं पोचलेली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आणि तिच्याशी जवळचं नातं सांगणारी हस्तिदंती स्त्री कुठं सापडली? तेरला. आणखी एक आपल्या जालन्यातल्या भोकरदनला. ती पॉम्पेईची मूर्ती आपल्याच भागातल्या कारागिरांच्या हातची असावी, असं काही अभ्यासक म्हणतात.

बाईंनी दोन्ही मूर्ती शेजारी शेजारी पडद्यावर लावल्या. त्या आता कमरपट्टा दाखवणार, तेवढ्यात एक पदाधिकारी वाकून वाकून गेले आणि त्यांच्यासमोर चिठ्ठी ठेवली. पुढच्या रांगेतून मला वाचता आली. 'मॅडम, जेवण लागलंय.'

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

बाई हसल्या, म्हणाल्या आवरतेच. तेरचं त्रिविक्रम मंदिर (विटांचं, चैत्याच्या म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाच्या घाटाचं, महाराष्ट्रात आज उभ्या असलेल्या सगळ्यात जुन्या बांधकामांपैकी एक), उत्तरेश्वराची कोरीव लाकडी चौकट, निलंग्याचं नीलकंठेश्वर, हे सगळं त्यांनी भराभर पानं उलटावीत तसं उरकलं. निलंग्याच्या मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी, म्हणजे कोरलेल्या अप्सरा, नुसत्या दिसल्या न दिसल्या. अहो, निलंगा! अर्ध्या हॉलची सासर-माहेरं तिकडची आहेत!

मग प्रश्नोत्तरं. पहिला प्रश्न, "मॅडम, अजिंठा-वेरूळ का नाही घेतलं?" अरे बाबा, अजिंठा-वेरूळ १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याला तुमच्या टाळ्यांवाचून काही अडलेलं नाही. पत्रिकेवर 'आपल्या परिसराच्या' असं तुम्हीच छापलंत ना? दुसरा प्रश्न, "त्या हस्तिदंती मूर्तीची आजच्या मार्केटला किंमत किती होईल?" आणि लोक हसले नाहीत. लोक उत्तराची वाट बघायला लागले.

गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी तपासली होती, कोणतं मडकं पक्कं, कोणतं कच्चं. काल त्या हॉलमध्ये ते थापटणं फिरलं असतं तर निकाल काय लागला असता ते लिहीत नाही, नाहीतर उद्या घरी फोन येतील.

बरं, लिहिता लिहिता एक आठवलं आणि ते न सांगणं बरोबर नाही. ते मुंडकं सापडलं तेव्हा मामानं पहिलं काय केलं असेल? शाळेतल्या मास्तरांकडं घेऊन गेला आणि विचारलं, "गुरुजी, ह्याचं काय येतंय का बघा की." मास्तरांनी सांगितलं काही येत नाही, मग ते माझ्या भातुकलीत आलं. म्हणजे किमतीचा प्रश्न आमच्या घरातही आधी आलाच होता. पण मामाची दीड एकर कोरडवाहू होती हो. काल विचारणाऱ्यांच्या गाड्या खाली मावत नव्हत्या.

आणि हेही मान्य. हेच लोक मोतीबिंदूची शिबिरं घेतात, टंचाईच्या वर्षी टाक्या आणि टँकर देतात. माझ्या काकूचा डोळा अशाच एका शिबिरात झाला. ठीक आहे. त्याबद्दल हात जोडते. पण डोळे दुरुस्त करून दिले म्हणून काय बघायचं तेही ठरवायचा हक्क मिळत नाही.

मला राग नक्की कशाचा आलाय ते आता टाइप करताना कळतंय. उशिराचा नाही, आपल्याकडं लग्नंसुद्धा मुहूर्तावर लागत नाहीत. बाईंना शेवटी जे दिलं त्याचा आहे. शाल, नारळ आणि एक फायबरचा सोनेरी हत्ती. हजार मैलांवरच्या कुठल्यातरी कारखान्यात ठोक भावानं निघणारा. ज्या गावच्या कारागिरांच्या मातीच्या बाहुल्यांवर ती बाई अर्धा तास जीव तोडून बोलली, त्या तेरपासून तासा-सव्वातासाच्या अंतरावर आपण तिला फायबरचा हत्ती देतो. आजही आपल्या भागात कुंभार आहेत. पोळ्याला मातीचे बैल करून विकणारे आहेत. त्यांच्याकडून एक बैलजोडी आणायला किती लागले असते?

आणि ज्या पोराचा सत्कार झाला ना, गोड पोरगं आहे, त्याच्यावर माझा अजिबात राग नाही. त्याला मी जेवताना विचारलं, शाळेत चित्रकला होती का? म्हणाला, "आठवीपर्यंत होती काकू, पण त्या तासाला गणिताचे सर यायचे." एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसलास का? तर म्हणे, "दहावीला त्याचे मार्क वाढतात म्हणून बसलो." बिचारा. त्यात त्याचा काय दोष? लातूर पॅटर्नमध्ये मुंडक्याच्या ओठावरचं हसू कोणत्या प्रकरणात येतं? आमच्याच घरातली पोरं त्या क्लासेसना जातात, मीच फी भरते, तेव्हा जास्त बोलत नाही.

तर ते मुंडकं. मामानं पुढं ते तेरच्या संग्रहालयात नेऊन दिलं. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंवर उभं राहिलेलं ते संग्रहालय. आजीला ते फार आवडलं होतं. म्हणाली, बरं झालं, सासूबाई सरकारी नोकरीला लागल्या. काल बाईंना जेवताना हे सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की ताटातली जिलबी सांडली. आणि मग दोघी कोपऱ्यात खुर्च्या ओढून बसलो आणि त्यांनी मला तो राहिलेला कमरपट्टा दाखवला. लॅपटॉपवर, मोठा करून. त्यातला एकेक मणी कोरलेला आहे. इतक्याशा हस्तिदंतावर. वाढपी येऊन दोनदा विचारून गेला, ताई, गुलाबजाम? आम्ही ढिम्म.

तर ठरलंय असं. येत्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता बाई आमच्या गच्चीवर येणार आहेत आणि काल राहिलेलं सगळं बोलणार आहेत, निलंग्यासकट. वेळेचं बंधन नाही. सतरंजी आहे, गुडघेदुखीवाल्यांसाठी चार खुर्च्या आहेत, भिंतीवर पांढरी चादर लावू. चहा आणि मुरमुऱ्यांचा सुशीला मिळेल. पुढच्या महिन्यात गाडी करून तेरला जायचाही विचार आहे, डबा आपापला. यायचं त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा म्हणजे मुरमुरे किती भिजवायचे ते कळेल. क्लबवाल्यांनीही या, मनापासून सांगते. फक्त हार-तुरे कुणी आणले तर जिन्यातच काढून घेतले जातील.