पुन्हा ती डबी काढली कुणी?

नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत अजून तांब्याचीच तार. फोन आणि नेट एकाच जोडीवरून. घरात फोनचे पॉइंट तीन: हॉल, स्वयंपाकघर, आईची खोली. ज्या ज्या पॉइंटला फोन, तिथे फिल्टर हवा म्हणजे हवाच. फोनवरचा आवाज ४ किलोहर्ट्झच्या आत, एडीएसएल, म्हणजे याच तारेवरून येणारं नेट, साधारण २५ च्या वर. दोघांची भांडणं लागू नयेत म्हणून ही काडेपेटीएवढी पांढरी डबी. पण ती आईच्या डोळ्यांत खुपते! "धूळ बसते रे तिच्यावर," म्हणत पुसायला काढते आणि नंतर फोन थेट भिंतीत. मग वाशीहून मावशीचा फोन आला की पहिल्याच रिंगला मोडेमचा दिवा लुकलुकायला लागतो आणि माझी मीटिंग गुल. वर रिसीव्हर हलवत मलाच विचारणार, "खरखर कसली रे ही?"

गेल्या महिन्यात लाइनमन आला, तर त्या महाशयांनी मोडेमच फिल्टरच्या फोनवाल्या भोकात खुपसला. तिथे डेटाची वाटच बंद, नेट येणार कुठून, कपाळ!

शेवटी डबीवर 'काढू नये' अशी चिठ्ठी चिकटवली. काल आईने चिठ्ठीसकट डबी फ्रिजवर ठेवून दिली.