महिन्याचे 18.36 युरो

काल संध्याकाळी शिऱ्या पोस्टामागच्या कट्ट्यावर आला तोच तावातावाने. त्याची भाची नुकतीच शिकायला श्टुटगार्टला गेली आहे. खोली मिळाली, पालिकेत पत्ता नोंदवला आणि काही दिवसांत घरी पत्र हजर. महिन्याला 18.36 युरो, म्हणजे तिमाहीला 55.08, रेडिओ-टीव्हीसाठी.

"अरे, पोरीकडे टीव्ही नाही, रेडिओ नाही. मोबाइलवर आपल्या मालिका बघते. मग सरकारी टीव्हीचे पैसे तिनं का भरायचे? ही खंडणी झाली!"

"सरकारी म्हणू नकोस," मी म्हटलं. "सगळी गोम तिथंच आहे."

"सरकारी म्हण नाहीतर सार्वजनिक म्हण," मंग्या म्हणाला, "खिसा लोकांचाच."

नानांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "आपल्याकडेही होतं की रे. याच पोस्टात वडिलांबरोबर रेडिओचं लायसन्स भरायला यायचो मी. छोटं पुस्तक असायचं, त्यात तिकिटं चिकटवून वर शिक्का."

"हो नाना, पण तेव्हा आकाशवाणी हे मंत्रालयाचंच खातं होतं. जर्मनीत त्यांनी नेमकं हेच टाळलं." मग मी सुरू झालो. या विषयावर मला थांबता येत नाही. नाझींनी स्वस्तातला रेडिओ घरोघर पोचवला आणि त्यातून गोबेल्सचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत नेला. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांच्या ताब्यातल्या हॅम्बुर्गमध्ये बीबीसीच्या ह्यू ग्रीननं नवं रेडिओ केंद्र उभं केलं, ते सरकारपासून लांब ठेवायचं हे ठरवूनच. तरी आडेनाउअर चॅन्सेलर असताना त्यांना केंद्र सरकारच्या मर्जीतलं टीव्ही चॅनेल हवंच होतं. 28 फेब्रुवारी 1961 ला घटना न्यायालयानं ते अडवलं. प्रक्षेपण सरकारच्या हातात नको आणि कुठल्या एका गटाच्याही हातात नको, असं बजावलं.

"इतिहास राहू दे. आज पैसे किती घ्यायचे ते कोण ठरवतं? मंत्रीच ना?"

"नाही. 16 तज्ज्ञांची एक समिती आहे. वाहिन्यांनी मागितलेला खर्च ती तपासते आणि आकडा सुचवते. मग सोळाही राज्यांची संमती लागते. 2020 च्या डिसेंबरात सॅक्सनी-आनहाल्टनं संमती अडवली. वाढ किती होती माहितीये? महिन्याला 86 सेंट. प्रकरण घटना न्यायालयात गेलं आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये निकाल आला: एकट्या राज्याला असं अडवून धरता येणार नाही, वाढ लागू करा. तुझ्या भाचीच्या पत्रातले 18.36 तिथून आलेत."

86 सेंटसाठी एवढं रामायण कशाला, असं मंग्याला वाटलं. मला नाही वाटत. मी ज्या पेपरात बावीस वर्षं होतो तिथं सरकारी जाहिराती महिनाभर थांबल्या की पहिल्या पानाची भाषा बदलायची. कुणी लेखी आदेश द्यायचं नाही. मालक संध्याकाळी डेस्कवर यायचे, पान बघायचे, "हे जरा आत घ्या," एवढंच म्हणायचे. आत घेतलेल्या त्या बातम्या मी विसरलेलो नाही. पैसा ज्याच्या हातात, त्याला ओरडावं लागत नाही.

"मग ग्रीसचं काय?" मंग्यानं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "तिथंही फी सरकारी तिजोरीपासून वेगळीच होती ना, विजेच्या बिलातून?"

होती. तरीही 11 जून 2013 ला दुपारी सरकारनं जाहीर केलं आणि रात्री थेट प्रक्षेपण चालू असताना ईआरटीचा, म्हणजे तिथल्या सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचा, पडदा काळा झाला. अडीच हजारांहून जास्त लोकांची नोकरी गेली. कर्मचारी इमारत सोडून गेले नाहीत, इंटरनेटवरून कार्यक्रम चालू ठेवले, युरोपीय प्रसारण संघानं ते पुढं पोचवले. नोव्हेंबरात पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. ईआरटी परत सुरू झाली ती 11 जून 2015 ला, सरकार बदलल्यावर. म्हणजे फी वेगळी असून भागत नाही. एका दुपारच्या निर्णयाला अडवणारं कुणीतरी मध्ये उभं लागतं.

"तुझे जर्मन तरी कुठले धुतल्या तांदळासारखे?" शिऱ्यानं मोबाइलवर काहीतरी शोधून काढलं होतं. आरबीबी या बर्लिनच्या सार्वजनिक वाहिनीच्या प्रमुख बाईंना 2022 मध्ये उधळपट्टीच्या आरोपांवरून पायउतार व्हावं लागलं, ते. यावर मी काय बोलणार? खरंच आहे. लोकांच्या पैशातून ऑफिस सजवलेलं मलाही चालणार नाही. पण ते उघडकीला आलं ते पत्रकारांमुळेच, हे मी त्याला सांगितलं.

खरी अडचण पोलंडची, आणि ती नानांनी काढली. आधीच्या सत्ताधाऱ्यांनी 2016 पासून टीव्हीपी ही तिथली सार्वजनिक वाहिनी आपल्या पक्षाचा भोंगा करून टाकली होती. डिसेंबर 2023 मध्ये टुस्क पंतप्रधान झाले. त्यांच्या संस्कृतिमंत्र्यांनी सरकार कंपनीचं मालक आहे या आधारावर संचालक मंडळं बरखास्त केली, 20 तारखेला वृत्तवाहिनी बंद झाली. राष्ट्राध्यक्षांनी निधी अडवल्यावर आठवड्याभरात कंपनीच अवसायनात, म्हणजे गुंडाळायला, काढली.

"हे चांगल्यासाठीच केलं ना त्यांनी?" नाना म्हणाले. "मग तुला चालतं का?"

मी थोडा वेळ गप्प बसलो. ती वाहिनी असह्य झाली होती, यात मला शंका नाही. पण मंत्र्याच्या सहीनं वाहिनी बंद पडते हा पायंडा मला पटत नाही, सही कुणाचीही असो. उद्या दुसरा मंत्री तेच पेन उचलेल. ऑगस्ट 2025 पासून युरोपीय संघाचा माध्यम स्वातंत्र्य कायदा लागू झालाय. प्रमुखाला मुदतीआधी हटवायचं तर आधी ठरलेल्या निकषांवरच हटवा, पैसा पुरेसा आणि टिकाऊ हवा, असं त्यात आहे. तो 2023 ला असता तर काय झालं असतं, यावर आमचा अर्धा तास गेला. एकमत झालं नाही.

तेवढ्यात भाचीचा मेसेज आला. शिऱ्यानं चष्मा वर करून वाचला. फी माणशी नसून घरटी असते, घरात तिघी राहतात, एक आधीपासूनच भरते आहे. हिच्या वाट्याला महिन्याला 6.12.

"काय कळवू?" त्यानं मला विचारलं.

"आधी जी मुलगी भरते आहे तिच्याकडून तिच्या फीच्या खात्याचा नंबर घे आणि त्या पत्राला उत्तर पाठव म्हणावं. नाहीतर हिच्या नावानं वेगळं बिल सुरू होईल."

तो टाइप करत राहिला.