वेरा शहराचा, पिन गावाचा

वॉशिंग मशीनचे पैसे मोजून झाले होते, 'शहरात घरपोच मोफत' अशी पाटी डोक्यावर लटकत होती, आणि तरीही दुकानातल्या मुलाने संगणकात ३९१४१० हा पिन घालताच बिलात वाहतूक खर्च येऊन बसला. मी भायलीला राहतो. भायली २०२० मध्ये वडोदरा महानगरपालिकेत आली, आणि त्याचा पुरावा म्हणून मी फोनमधले वेरा बिल, म्हणजे महानगरपालिकेच्या कराचे बिल, मुलापुढे धरले. "३९० असतं तर शहर, ३९१ म्हणजे बाहेरचं," असे म्हणून त्याने ते न पाहताच परत केले.

येथे एका गृहस्थांना राहवले नाही. दुरुस्तीला आणलेले मिक्सरचे भांडे मांडीवर घेऊन ते बाकावर बसले होते. "अहो, भायली म्हणजे गावच की! तुमच्याकडे यायचं तर मुक्कामालाच यावं लागेल," असा शुभारंभ करून त्यांनी माझ्याकडे विहीर आहे का, रात्री कोल्हेकुई ऐकू येते का, याची आस्थेने चौकशी केली. मी आठव्या मजल्यावर राहतो, हे त्यांना पटले नाही. "आम्ही दांडिया बाजारचे. ३९०००१. आजोबांपासून!" पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, असे मी नम्रपणे निदर्शनास आणले. "मग? आजोबा होते की तेव्हा!" ते म्हणाले, आणि मोठ्या मनाने त्यांनी आपला पत्ता मला वापरायला देऊ केला, मशीन त्यांच्या घरी मोफत उतरले असते आणि कपडे धुवायला मी तेथे केव्हाही जाऊ शकलो असतो.

पिनकोडची योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते, आणि त्यांच्यावर माझा राग नाही. पहिले तीन अंक टपाल कोठे छाटायचे ते सांगतात, शेवटचे तीन ते कोणत्या कार्यालयातून वाटायचे ते. महानगरपालिकेची हद्द कोठे संपते, हे त्या सहा अंकांना कोणी विचारलेलेच नव्हते. हद्द सरकारी अधिसूचनेने सरकते, पोस्टमनची फेरी मात्र टपाल खात्याच्या सोयीने ठरते, आणि या दोन खात्यांच्या मधल्या फटीत माझी सोसायटी उभी आहे. राग आहे तो पिनवरून शहर ओळखणारी यादी एकदा संगणकात भरून हात झटकणाऱ्यांवर. वेरा वसूल करताना आम्ही शहरी असल्याचा कोणालाही विसर पडत नाही. आता टपाल खात्याने २०२५ मध्ये दहा अक्षरी डिजिपिन आणला आहे. तो सुमारे चार मीटर लांबीरुंदीचा चौकोन नेमका दाखवतो, म्हणजे मशीन न्हाणीघरात ठेवायचे की गॅलरीत, एवढे तरी दुकानाला कळेल, पण तो चौकोन कोणत्या महानगरपालिकेचा, हे पाहायला पुन्हा कोणाची तरी यादीच उघडावी लागेल.

वाद घालून मागची रांग वाढली, तेव्हा मी चडफडत पैसे भरले. छापून आलेल्या पावतीवर 'शहर' या रकान्यात वडोदरा होते आणि त्याच्याच खालच्या ओळीत शहराबाहेरचा वाहतूक खर्च.