लागली का?

परवा हा प्रश्न मला दोन तासांत सात वेळा विचारला गेला. तोही भरल्या हॉलमध्ये, काउंटरवरून ओरडून. विचारणारी मुलगी माझ्या पुतणीच्या वयाची.

झालं असं, की मुतखड्याचा संशय होता. सोनोग्राफीत मूत्रपिंड सुजलेलं दिसलं, पण आतड्यातल्या वायूमुळे खडा कुठे अडकलाय ते दिसेना. (माझ्या गॅसेसची अशी कागदोपत्री नोंद झाली.) म्हणून डॉक्टरांनी सीटी केयूबी, म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतचा सीटी स्कॅन, लिहून दिला. त्याला मूत्राशय तुडुंब हवं. लिटरभर पाणी ढोसलं आणि माझा नंबर येणार, तोच अपघातातल्या एका मुलाचं स्ट्रेचर आलं. डोक्यात रक्तस्राव आहे का, हे सीटी मिनिटांत सांगतो. तो आधीच जायला हवा. त्यावर मी काय बोलणार? पण त्याच्यामागून नंबर नसलेले एक सफारीवाले आत गेले. 'साहेबांचे पाहुणे' म्हणे. पाहुण्यांना घरी बोलवा ना!

शेजारी एक काका होते. मांडीवर फिल्मची पिशवी, लग्नाचा अल्बम धरावा तशी.

"प्लेन की कॉन्ट्रास्ट?"

"प्लेन."

"अरेरे," काका म्हणाले. "माझा हा सहावा. चार कॉन्ट्रास्ट! त्यात आयोडीनचं इंजेक्शन देतात. आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात, किडनीला झेपेल का म्हणून. मग औषध शिरेत गेलं की घशातून एक गरम लाट निघते. ती खाली, खाली, खाली जाते... आणि वाटतं, झाली!"

"काय झाली?"

"अहो, चड्डीतच! होत नाही, नुसतं वाटतं. तुम्हाला वाटतंय का आत्ता?"

मला दुसरं काही वाटतच नव्हतं.

"मग मला का नाही दिलं ते?" मी विषय वर ओढायचा प्रयत्न केला.

"स्कॅनवर खडा पांढरा दिसतो, औषधही पांढरंच. दुधात खडीसाखर शोधणार का?"

माणूस हुशार होता, हाच त्रास होता.

"लागली का?" काउंटर.

"लागली, लागली!" माझ्या वतीने काका.

जीव रमवायला मोबाइल उघडला. हे सीटीचं यंत्र काढलं गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज इंजिनिअरने, ईएमआय या रेकॉर्डवाल्या कंपनीत बसून. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. एकेका कापाला काही मिनिटं लागत. आणि रुग्णाच्या डोक्याभोवती काय असे? पाण्याची पिशवी! तिथेही पाणीच. क्ष-किरण कशात किती अडतात, हे सांगणाऱ्या त्यांच्या मोजपट्टीवर हवा उणे १०००, आणि पाणी शून्य. पाण्याला शून्य किंमत देणाऱ्या या माणसाला १९७९ मध्ये नोबेल मिळालं. त्या हॉलमध्ये माझं मत कुणी विचारलं नाही.

पैसे अर्थात आधीच भरले होते. विम्याला फोन केला, तर "ॲडमिट झाला असतात तर मिळाले असते." म्हणजे चालत आलो, ही माझी चूक. वीस वर्षं हप्ते भरतोय. कळ आली तेव्हा जमिनीवर लोळायला हवं होतं.

शेवटी आत घेतलं. झिप धातूची, म्हणून पँट गुडघ्यापर्यंत खाली. यंत्रातली बाई म्हणाली, "श्वास घ्या. रोखून धरा." श्वास तेवढा रोखायचा राहिला होता. दोन तासांच्या तपश्चर्येनंतर स्कॅन पंधरा सेकंदांत संपला.

पट्टा हातात धरून पळालो. हॉलमध्ये संडास एकच, आणि त्याला आतून कडी. मी दार वाजवलं. आतून खाकरून आवाज आला, "आहे!"

सफारीवाले.

मागून काका उठून आले, खांद्यावर हात ठेवला आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, "काय, झाली का?"