मिठीपर्यंत यायला वेळ घ्या

गेला आठवडाभर एका कथास्पर्धेच्या कथा वाचतोय. ऐतिहासिक कथा बऱ्याच आल्यात, आणि बहुतेकींत पहिल्याच परिच्छेदात तलवारी उपसलेल्या. खणखणाट, आरोळ्या, रक्ताच्या चिळकांड्या. दुसऱ्या पानापासून मी ओळी गाळायला लागतो. कोण लढतंय, हरला तर त्याचं काय जाणार, हेच कळलेलं नसतं. मग जीव गुंतणार कशात?

अशा वेळी मला अफजलखान वधाचा पोवाडा आठवतो, लहानपणी चावडीपुढे ऐकलेला. आजी माझं मनगट धरून बसायची. भेटीचा प्रसंग जवळ आला की तिची पकड घट्ट व्हायची. शेवट तिला तोंडपाठ होता, तरीही.

कारण शाहीर मिठीपर्यंत यायला वेळ घ्यायचा. शिवाजी महाराजांच्या अंगरख्याखाली चिलखत चढायचं. एका हातात बिचवा, दुसऱ्यात वाघनखं लपायची. शामियान्यात खानाजवळ त्याचा पट्टेबाज सय्यद बंडा दिसायचा, त्याला दूर करा म्हणून निरोप जायचा. कुणी कुणाला अजून बोटही लावलेलं नाही, पण प्रत्येक गोष्ट घडतेय आणि प्रत्येकीनं पोटातला गोळा मोठा होतोय. चिलखत आपल्याला ठाऊक आहे, खानाला नाही! सगळी ओढ तिथं आहे. प्रत्यक्ष झटापट किती? खान मान बगलेत दाबतो, कट्यार चालवतो, ती चिलखतावरून खर्रकन घसरते. मग बिचवा आणि वाघनखं.

आणि तिथंही थांबत नाही, हे मला फार आवडतं. १० नोव्हेंबर १६५९ ची ती दुपार कृष्णाजी अनंत सभासदानं आपल्या बखरीत लिहिली, तीही अशीच धावते. घायाळ खानाला पालखीत घालून भोई निघतात, तर महाराजांचा शिपाई संभाजी कावजी भोयांचे पाय तोडून पालखी खाली पाडतो. सय्यद बंडा महाराजांवर चालून येतो, तर जिवा महाला आडवा येतो. होता जिवा म्हणून वाचला शिवा. एक संकट टळलं की दुसरं उभं, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी काहीतरी *करतो*. वर्णनाला जागाच नाही.

लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, हाणामारी वाढवू नका, त्याआधीची तयारी दाखवा. तलवार हवीच असंही नाही. याच गठ्ठ्यात एक कथा आहे: झोपलेल्या सासऱ्याच्या उशाखालून सून कपाटाची किल्ली काढतेय. तो खोकतो. तिचा हात थांबतो. बांगडी वाजू नये म्हणून ती दुसऱ्या हातानं ती दाबून धरते. तीन पानं नुसती किल्लीच. मी एक ओळ गाळली नाही.